कारागिराचा फेटा

काम एकानं करायचं आणि शाबासकी दुसऱ्यानं घ्यायची, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ते कुणाला खटकतही नाही. लोणचं सून घालते आणि पाहुणे सासूबाईंच्या हाताची तारीफ करतात. ऑफिसात टिपण कारकून लिहितो आणि ते साहेबांचं ठरतं. बारामतीला भिगवण रस्त्यावर 'भानुदास ऑटो इलेक्ट्रिक' नावाचं गॅरेज होतं. तिथंही हेच चाललं होतं, आणि ते चालवणारा माणूस मनानं मुळीच वाईट नव्हता.

भानुदासने आपल्या मुलीला, प्रियदर्शनीला, हौसेनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करू दिला होता. शिकून ती गॅरेजातच काम करू लागली. गाडीचं वायरिंग उलगडून बसली की तिला जेवणाचीही आठवण राहत नसे. पण गिऱ्हाईक दारात आलं की भानुदास हळूच म्हणायचा, "प्रिया, जरा आत हो."

गॅरेजच्या मागच्या बाजूला एक निळा पडदा होता. ती पडद्याआड जायची. गिऱ्हाईक खूश होऊन विचारायचं, "कुणी केलं ओ काम?"

"आमच्या विकीनं," भानुदास सांगायचा.

विकी तिचा धाकटा भाऊ. तो कॉमर्सला होता आणि बॅटरीची कुठली तार कुठं लावायची, हे त्याला अजून ताईला विचारावं लागायचं.

१९९८ सालच्या लग्नसराईत कळस गावचे बागाईतदार हिंदुराव आपली नवी पांढरी गाडी घेऊन आले. गाडीत मागच्या सीटवर एक मोठं खोकं होतं. मुंबईहून आणलेलं, विजेवर चालणारं सनरूफ! बटण दाबलं की छपरातली काच सरकणार आणि वर आभाळ दिसणार.

"भानुदासराव, लेकाचं लगीन हाय," हिंदुराव म्हणाले. "ऋषिराजनं ह्या छपरातनं उभं ऱ्हावं आन् समद्या कळसानं बघावं! पर नव्या गाडीचं छप्पर कापायचं म्हणल्यावर जो त्यो हात वर करतोय. तुमचा विकी करंल का?"

भानुदासने पडद्याकडे पाहिलं. बाप-लेकीची एक खूण ठरलेली होती. काम जमणार असेल तर ती पडदा एकदा हलवायची. पडदा हलला.

"करंल की," भानुदास म्हणाला. "ठेवा गाडी."

गॅरेजचं शटर अर्धं ओढून प्रियदर्शनीने काम सुरू केलं. आधी तिने सोबतची माहितीपत्रिका शांतपणे वाचून काढली. मग गाडीच्या छपराचं आतलं कापड उतरवलं आणि पत्र्याला आधार देणाऱ्या पट्ट्या कुठून जातात ते हातानं चाचपून पाहिलं. कागदाचा साचा छपरावर मधोमध ठेवला, मापं घेतली, पुन्हा घेतली. भानुदास बाजूला उभा राहून घाम पुसत होता.

"पोरी, एकदा कापलं की संपलं बघ."

"म्हणून तर अजून कापलं नाही, बाबा."

पत्रा कापताना मात्र तिचा हात एकदाही थांबला नाही. कापलेली कड तिने कानशीने घासली आणि गंज लागू नये म्हणून तिला रंग दिला. मग चौकट बसवली, रबर लावलं. चौकटीत साठणारं पाणी खाली जावं म्हणून चारी कोपऱ्यांतून बारीक नळ्या काढल्या. मोटरीला स्वतंत्र फ्यूज दिला. सगळं जोडून झाल्यावर विकीने बटण दाबायला हात पुढं केला, तसा तिने तो धरला.

"थांब. मोटरीला अजून काही ठाऊक नाही. काच पुरती उघडली म्हणजे कुठं आणि पुरती मिटली म्हणजे कुठं, हे तिला आधी शिकवावं लागतं."

तिने बटण दाबून धरलं. काच सावकाश मागे गेली, सावकाश पुढे आली, मिटली आणि बारीक आवाज करून थांबली.

"शिकली," ती म्हणाली. "आता आज्जी, एक भेंडी दे गं."

भानुदासची आई, अक्काबाई, दाराशी भाजी निवडत बसली होती. तिने भेंडी दिली. प्रियदर्शनीने ती उघड्या फटीत धरली आणि बटण दाबलं. काच पुढे आली, भेंडीला टेकली आणि झटकन मागे फिरली. भेंडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"अगं बया!" अक्काबाई म्हणाली. "हिला कसं कळलं?"

"मध्ये काही अडलं की मोटरीवर जोर येतो. तो जाणवला की ती मागे फिरते. उद्या तिथं कुणाचं बोट असलं तर?"

छपरावर बादल्यांनी पाणी ओतलं. आत एक थेंब आला नाही. भानुदासचा ऊर भरून आला. त्या वेळी प्रियदर्शनी हात पुसत म्हणाली, "बाबा, एक मागू? हिंदुरावांना सांगाल, हे मी बसवलं म्हणून?"

भानुदास रिकाम्या बादल्या गोळा करू लागला. मग म्हणाला, "बघू."

तो 'बघू' म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. ती हत्यारं जागेवर लावू लागली. अक्काबाईला मात्र राहवलं नाही. नात घरात गेल्यावर तिने लेकाला समोर बसवलं.

"भानुदास, पोरीचं नाव सांगाय तुला काय हुतंय?"

"आई, तुला ठावं न्हाय. आपल्या हाताला गाडी द्यायलाच लोकं किती दिस मागंपुढं बघत हुती. आता कुठं धंदा बसलाय. पोरगी काम करती म्हणल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल."

"तुझा बाप उजनी धरणाच्या कामावर हुता, आठवतंय का? बंद पडल्यालं इंजिन त्योच चालू करायचा. पर साहेब आला की मुकादम म्हणायचा, मागं सरून हुबा ऱ्हा. आन् साहेबाला सांगायचा, म्या केलं! तुझा बाप घरी येऊन जेवायचा न्हाय."

"ठावं हाय मला."

"तू बोर्डावर सोताचं नाव घातलंस तवा मी त्या बोर्डाखाली रडत बसलेवते. आमाला बाबासायबानी मान वर करून चालाय शिकिवलं. आन् आज माझी नात पडद्यामागं सरून हुबी ऱ्हाती." अक्काबाईने भाजीचं ताट बाजूला ठेवलं. "मग आता मुकादम कोण, भानुदास?"

हे बोलणं भानुदासला लागलं. पण सवय फार चिवट असते, वाचकहो! दुसऱ्या दिवशी तो गाडी पोचवायला कळसला निघाला, तेव्हा त्याने सोबत विकीलाच घेतलं.

हिंदुरावांच्या अंगणात लग्नाचा मांडव घातला होता. काच सरकताना पाहून लोकांनी टाळ्या पिटल्या. मग गाडीची पूजा झाली. हिंदुरावांच्या आई, प्रयागबाई, यांनी उघड्या छपरावर हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मनसोक्त टाकल्या. बायकांनीही टाकल्या.

"मिटव रं विकी," हिंदुराव म्हणाले.

विकीने बटण दाबलं. काच पुढे आली, अर्ध्यावर थबकली आणि मागे फिरली. पुन्हा दाबलं. पुन्हा मागे!

लोक माना उंचावून बघू लागले. हिंदुरावांचे चुलतभाऊ सर्जेराव मिशीत हसले. "काय विकी, ह्या काचेचं सासर-माहेर चाललंय व्हय? यायला तयारच न्हाय!"

विकी कानापर्यंत लाल झाला. त्याने वडलांकडे पाहिलं. भानुदासने बाजूला होऊन हिंदुरावांच्या सोप्यातला फोन उचलला आणि गॅरेजचा नंबर फिरवला.

"बाबा, पूजा झाली का गाडीची?" प्रियदर्शनीने सगळं ऐकून घेऊन पहिला प्रश्न हा विचारला.

"झाली."

"अक्षता छप्पर उघडं असताना टाकल्या?"

"व्हय."

"मग काच बिघडलेली नाही. भेंडी आठवते ना? तांदूळ ओले होऊन खाचेत चिकटले असतील. काचेला वाटतंय, कुणाचं बोट आहे. ती जपतेय, बाबा. मऊ ब्रशनं खाच झाडा, ओल्या फडक्यानं पुसा. कोपऱ्यातल्या नळीच्या तोंडाशीही बघा. आणि मग काल केलं तसं बटण दाबून धरायचं, काच जाऊन येऊन मिटेपर्यंत." मग ती म्हणाली, "विकीला सांगा, मध्येच सोडू नकोस. आणि लोकांसमोर घाबरू नकोस म्हणावं."

भानुदासने फोन ठेवला. त्याच्या मनात आलं, आपण जिचं नाव लपवतोय, तीच आपलं लपवणं सांभाळून घेतेय!

खाचेतून लाल तांदूळ निघाले. विकीने बटण दाबून धरलं. काच मागे गेली, पुढे आली आणि अलगद मिटली. मांडवात एकच गलका झाला. हिंदुरावांनी विकीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रं वाघा! आणा त्यो फेटा!"

लग्नघरात कारागिराचा मान करायची त्यांच्याकडे रीत होती. आचाऱ्याला, मांडववाल्याला फेटा बांधत. हिंदुराव भगव्या फेट्याची घडी उलगडत पुढे आले. विकी एक पाऊल मागे सरला. तो वडलांकडे बघत राहिला.

मागे सरून उभा राहा! भानुदासला आपल्या वडलांचा चेहरा आठवला.

"थांबा, हिंदुरावतात्या!" तो ओरडलाच. "त्यो फेटा विकीचा न्हाय!"

"मग कुणाचा?"

"माझ्या लेकीचा. प्रियदर्शनीचा. छप्पर तिनं कापलं, मोटर तिनं बसवली. आत्ता फोनवर बी तिनंच सांगितलं. गेली कैक वर्सं तुमच्या ट्रॅक्टरची, जीपची वायरिंगं तीच करती. मी खोटं सांगत आलो."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मग सर्जेराव म्हणाले, "पोरीनं कापलं व्हय? तरीच म्हणलं, काच अडली कशी!"

"तांदूळ मी टाकलं, सर्जा," प्रयागबाई म्हणाल्या. "काच माझ्या हातानं अडली आन् पोरीच्या अकलेनं सुटली. कळलं का?"

हिंदुरावांनी फेट्याकडे पाहिलं. "पर आई, बाईमाणसाला फेटा कसा? साडी-चोळी देऊ. वटी भरू."

"वटी भरू की, लग्नाला आली म्हंजे. ह्यो मान कामाचा हाय. विकीला काय तू साडी देणार हुतास?"

मांडव हसला. विकी तर सगळ्यांत मोठ्यानं हसला. हिंदुरावही हसले आणि मग गंभीर झाले.

"भानुदासराव, पोरगी कुठं हाय?"

"बारामतीला," भानुदास म्हणाला. मान खाली घालून त्याने पुढचं सांगितलं, "पडद्यामागं."

"चला मग," प्रयागबाई पदर सावरत उठल्या. "गाडी काढा. आमीच जाऊ."

वाटेतलं अंथुर्णं गाव मागं पडलं तसं हिंदुरावांनी बटण दाबलं. काच सरकली. प्रयागबाईंनी मान वर करून आभाळ पाहिलं आणि वाटभर त्या वरच बघत राहिल्या.

गॅरेजपाशी गाडी थांबली. सवयीने प्रियदर्शनी पडद्याकडे वळली.

"आत जाऊ नगंस, पोरी," भानुदास म्हणाला. "गिऱ्हाईक तुझ्याकडं आलंय."

ती जागीच थांबली. हिंदुरावांनी रस्त्यावरच, सगळ्या दुकानदारांच्या देखत, तिच्या डोक्याला फेटा बांधला. तिचे हात ग्रीसने काळे होते, म्हणून तिने ते दोन्ही बाजूंना लांब धरले होते. अक्काबाई दारात उभी होती. या वेळी ती रडली नाही, ताठ उभी राहून बघत राहिली.

"आता सांग पोरी," हिंदुराव म्हणाले, "ऋषिराज ह्यात हुबा ऱ्हाईल नव्हं वरातीत?"

"गाडी थांबलेली असताना राहू दे," प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली. "चालत्या गाडीत नाही. ब्रेक लागला तर कड छातीत बसेल."

हिंदुरावांचा चेहरा जरा उतरला. मग त्यांनी मान हलवली. "कारागिरानं सांगितल्यावर ऐकाय पायजे."

वरातीत तसंच झालं. गाडी देवळापुढे थांबली, तेव्हा नवरदेव आभाळाखाली उभा राहिला. कळसची माणसं त्याच्याकडे बघत होती आणि एकमेकांना सांगत होती, हे बारामतीच्या भानुदासच्या लेकीचं काम!

गॅरेजातला निळा पडदा अक्काबाईने फेट्याच्या दिवशी संध्याकाळीच काढला. त्याचे तुकडे हात पुसायच्या कामी आले. गिऱ्हाईकं काही तुटली नाहीत. एक-दोन गेली, दुसरी आली. आणि "कुणी केलं ओ?" असं कुणी विचारलं, तर भानुदास आता बोलत नाही. तो हातानं प्रियदर्शनीकडे दाखवतो. मग उत्तर ती स्वतः देते.

वाचकहो, ज्याला कधीकाळी मागे सरून उभं राहायला लावलं गेलं, त्याच्या हातूनही नकळत दुसऱ्या कुणाला मागे सारलं जातं. मुकादम बाहेरच असतो असं नाही. तो आपल्या घरात, आपल्या तोंडी असू शकतो. ज्याचं काम, त्याचं नाव! लेकीला शिकवलंत, उत्तम केलंत. आता तिनं केलेलं काम तिच्या नावानं, चारचौघांत, मोठ्यानं सांगा.