मयुरीची मूठ

लेकाच्या, नवलच्या नावाची सव्वा मूठ सुपात पडली आणि कुंदाबाईने पुन्हा गव्हात हात घातला.

“आते कोन ऱ्हायनं?” प्रेमराज आबाने, तिच्या दिराने, विचारलं.

“मयुरी.”

उद्या घरात कानबाई देवी बसणार होती. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्या पिठाचा प्रसादाचा रोट भाऊबंदांनी मिळून खायचा, ही रीत. कुंदाबाई लग्न होऊन भडगावला आली तेव्हापासून तिच्या डोळ्यांदेखत पोरीबाळींची मूठ कधी निघाली नव्हती. डाळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“वहिनी, पोरीस्नी मूठ कोनी लेस का?”

“तुना नातू पुण्याले जाईसन तीन वरीस व्हयनात. रोट खावाले एक डाव ऊना नही. त्यानी मूठ मी आत्तेच टाकी ना?”

“कानबाई कोपई.”

“कानबाई सोता बाई शे, भाऊ. कोपनी तर मी बोली लेसू तिनासंगे.”

तिने मूठ टाकली आणि वरची पाव मूठ जरा जास्तच भरून घेतली.

नात मयुरी अग्निवीर म्हणून ट्रेनिंगला गेली त्याला अडीच महिने झाले होते. नवलला पोरीला पाठवायचं नव्हतं; पाचोऱ्याकडचं स्थळ चालून आलं होतं. कुंदाबाईने त्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं आणि पुढे गिरणीत, दवाखान्यात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं होतं, की आमची पोर फौजेत गेली, पोळपाटाशी नाही. पोर माघारी आली तर गल्ली आधी कुंदाबाईला हसेल, हे ती जाणून होती.

ट्रेनिंगवाल्या पोरींना शनिवारी संध्याकाळी तेवढा फोन मिळायचा. आज शनिवारच होता; तो आला. नवलने स्पीकर लावला. हालहवाल झाली, जेवण विचारून झालं, मग मयुरीचा आवाज एकदम बसला. पळण्याच्या परीक्षेत ती दुसऱ्यांदा मागे पडली होती. घोटा सुजला होता. मंगळवारी शेवटची संधी. नाही जमलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, नव्या पोरींबरोबर. काही जणी घरीच निघून गेल्या होत्या.

“ये घर. मी उद्याच निंघस तुले लेवाले,” नवल म्हणाला. प्रेमराज आबा सुपाकडे बघत राहिला.

कुंदाबाईने लेकाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि ती मागच्या अंगणात गेली. स्पीकर कसा बंद करायचा ते तिला ठाऊक नव्हतं. तिने फोन पदरात गुंडाळून कानाशी धरला, तरी आवाज घरभर येतच होता.

“मोठमाय,” पोर आजीला म्हणाली, “मी येऊ का?”

घरात सगळे कान लावून बसले होते. आता म्हातारी कडाडणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

कुंदाबाई गोठ्याच्या खांबाला टेकली.

“तुले यानं व्हई तर ये.”

“गावमा तू समदास्ले सांगेल शे.”

“गावले मी पाही लेसू. गाव काय तुना पाय चोळी देवाव शे का?”



“तू बोलशी नही माले?”

“बोलसू. पन आधी जेवाडसू, मंग बोलसू.”

मयुरी हसली. रडत होती म्हणून ते हसू नाकातूनच आलं. मागे कुठेतरी शिट्टी वाजली, कुणीतरी हिंदीत ओरडलं.

“मंगळवारे पळसू,” ती घाईघाईने म्हणाली. “मंग सांगसू.”

फोन बंद झाला. कुंदाबाईने तो पदरातून सोडवला, काच पुसली, परत पुसली. नवल दारात येऊन उभा होता.

“किती वाजे पळतस त्या?” तिने विचारलं.

“सकायले साडेपाचले.”

“मंग मंगळवारे त्या येळले माले कोनी बोलाडू नका,” ती म्हणाली आणि त्याला बाजूला सारून आत गेली.