बॅगेला घातलेली खळ

मालुबाईंना स्वस्थ बसवत नसे. हा त्यांचा गुण, आणि घरच्यांच्या मते खोडही. वडगावातल्या विणकरांच्या, मागाच्या घरात जन्मल्या, मागाच्याच घरात दिल्या गेल्या. हात रिकामा राहिला की काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं त्यांना. त्या दुपारी मुलगा सिद्धेश साड्या पोचवायला गेलेला, सून मंजुश्री दोरा आणायला बाजारात गेलेली. घरात त्या एकट्या आणि समोर सुनेची बॅग.

ही बॅग मंजुश्रीला माहेरी, निपाणीच्या बाजारात जुन्या मालाच्या ढिगात सापडली होती. अस्सल चामड्याची, पण आणली तेव्हा उन्हाळ्यातल्या टाचेसारखी भेगाळलेली. एक पट्टा मुळातून तुटलेला, आतलं अस्तर लोंबत होतं. शेजारच्या जयाबाईंनी नाक मुरडलं. "मागाच्या खोलीत चामडं गं, मालुबाई?"

"मग मागावर धाग्याच्या धोट्याला ढकलतंय ते काय रेशीम हाय व्हय?" मालुबाई म्हणाल्या. "मागाला बी चामडंच लागतंय की." जयाबाई चहा पिऊन घरी गेल्या.

मालुबाई एवढ्या तडकल्या, कारण ही बॅग म्हणजे सुनेची परीक्षा होती. लग्नाआधी मंजुश्रीनं चामड्याच्या कामाचं ट्रेनिंग घेतलेलं. लग्न झालं आणि तिची आरी, दाभण, हातोडी सगळं ट्रंकेच्या तळाला गेलं. आता जवळच्या मच्छे गावात चामडी वस्तू नव्यासारख्या करून देणारा एक कारखाना निघाला होता. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, "एक जुनी बॅग आपल्या हातानं नीट करून आणा. सोमवारी बघते आणि कामाचं सांगते." त्या दिवसापासून मंजुश्रीच्या चालण्यात फरक पडला होता. मालुबाईंच्या नजरेतून तो सुटला नाही.

आणि पोरीचा हात काय होता! तिनं आधी ओल्या फडक्यानं बॅगेचं वर्षानुवर्षांचं मळकटपण काढलं, मग बोटानं मलम चोळलं, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावं तसं. अस्तर नवं लावलं. तुटलेला पट्टा दोन सुयांनी शिवला, एक इकडून, एक तिकडून, एकाच भोकातून. मालुबाईंनी चष्मा लावून टाके बघितले. तुटलेला धागा सांधला तर सांधा दिसता कामा नये, एवढंच त्यांना आयुष्यभर कळत आलेलं. इथं तो दिसत नव्हता. आपल्या घरात आपल्यापेक्षा सरस हात आलाय, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. तोंडानं मात्र एवढंच म्हणाल्या, "बरं हाय की."

मलम मुरलं, बॅग मऊ झाली. फार मऊ. खुंटीला अडकवली की अंग टाकायची. त्या दुपारी एकट्या बसलेल्या मालुबाईंना ते बघवेना. असली मलूल बॅग घेऊन पोरगी कारखान्यात जाणार? मऊ पडलेल्या वस्तूला काय करायचं, हे वडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साडी ताठ करायला घालतात तशी मैद्याची पातळ खळ त्यांनी शिजवली, फडक्यातून गाळली, कोमट झाल्यावर बॅगेला आतून-बाहेरून झकास लावली आणि साडी वाळवावी तशी ती उन्हात ठेवली.

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. मंजुश्री परत आली तेव्हा बॅग पापडासारखी कडक झाली होती आणि तिच्यावर पांढरे पोपडे आले होते.

मंजुश्री दारातच थांबली. ‘आता ही बोलणार, आणि बोलली तरी शोभेल,’ असं मनाशी म्हणून मालुबाईंनी मान खाली घातली.

"मला वाटलं ताठ हुईल," त्या म्हणाल्या. "वाटुळं केलं गं मी तुझं."

मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तिनं आधी बॅग उचलून सावलीत आणली. मग सासूला म्हणाली, "आत्ती, तुमची एक जुनी मऊ साडी द्या. आणि कोमट पाणी."

साडीचा बोळा तिनं बॅगेत भरला, आकार बिघडू नये म्हणून. मग पिळलेल्या फडक्यानं टिपायला बसली. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. चामडं चिंब होऊ द्यायचं नाही आणि खळ तर सुटली पाहिजे. टाक्यांतली खळ तिनं मऊ ब्रशनं एकेका टाक्यातून काढली. मालुबाई पाणी बदलून देत होत्या आणि बघत होत्या. रागाचा एक फटकारा त्या फडक्यात उतरला नाही. मालुबाईंचं स्वतःचं आयुष्य संतापात धागे तोडण्यात आणि मग ते सांधण्यात गेलेलं. त्यांना हे नवल वाटलं. सावलीत वाळवून, पुन्हा मलम लावून, हातानं वाकवून वाकवून मंजुश्रीनं बॅगेत परत जीव आणला. फक्त एका कोपऱ्यावर हाताच्या पंजाएवढा काळपट डाग राहिला.

सोमवारी मालुबाई हट्टानं तिच्याबरोबर मच्छेला गेल्या. चूक कुणाची हे आपण सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मालकीणबाईंनी बॅग उलटीपालटी केली, पट्टा ओढून बघितला, टाक्यांवरून नख फिरवलं. मग त्यांचा अंगठा कोपऱ्यावर थांबला. "हे काय झालं?"

"बाई, ते मी..." मालुबाई पुढं झाल्या.

"खळ लागली होती, मॅडम," मंजुश्री म्हणाली. "आमच्यात जी वस्तू चांगली दिसावी वाटते, तिला खळ घालतात. आत्तींनी माझ्या बॅगेला घातली."

"चामड्याला खळ?" बाई बघतच राहिल्या. "आणि निघाली?"

"निघाली. तेवढा कोपरा राहिला."

"गडद रंग देऊन झाकायचा होता की. मला कळलं नसतं."

"म्हणूनच न्हाय झाकला. गिऱ्हाइकाची बॅग असती तर मी त्याला बी दाखवलं असतं."

बाईंनी बॅग आणखी थोडा वेळ हातात धरली. मग टेबलावर जपून ठेवली आणि म्हणाल्या, "उद्यापासून या. पाण्यानं खराब झालेल्या बॅगा आमच्याकडं ढिगानं येतात, त्यांना हात लावायला कुणी धजत नाही. त्या तुमच्या."

मंजुश्रीनं सासूकडं बघितलं. मालुबाईंनी पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि बाईंना म्हणाल्या, "आमची पोरगी तुमच्या हवाली करतोय. चुकलं माकलं सांभाळून घ्या."

त्यांना लेक नव्हती. लग्नात लेकीची आई म्हणते ते हे वाक्य म्हणायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.