सदतिसाव्या मुद्द्याचे पाच गुण

बसवराज अप्पा कुठल्याही शुश्रूषा केंद्रात शिरायचे ते आधी नाकानं. दारात उभं राहून दोन खोल श्वास घ्यायचे आणि फिनेलचा वास जास्त आला की मनातल्या मनात दोन गुण कापायचे. फिनेल जास्त म्हणजे काहीतरी लपवलंय, असं त्यांचं म्हणणं. पस्तीस वर्षं लातूरच्या सरकारी दवाखान्याच्या कचेरीत काढलेला माणूस, आपल्याला कोणी फसवू शकत नाही अशी त्यांची खात्री होती.

गेल्या काही वर्षांत लातूर-नांदेडात अशी केंद्रं बरीच निघाली. पोरं पुण्याला, हैदराबादला; म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलेली; करणार कोण? पण कुठलं केंद्र बरं आणि कुठलं नुसतं रंग मारलेलं, हे घरच्यांना कळायचं नाही. म्हणून एका संस्थेनं निवृत्त बसवराजांना गाठलं. दर तीन महिन्यांनी अकरा केंद्रं बघायची, शंभरपैकी गुण द्यायचे, आणि ते गुण केंद्राच्या दारावर लावायचे. बसवराजांनी पन्नास मुद्द्यांचा तक्ता स्वतः तयार केला. घंटी दाबल्यावर बाई किती मिनिटांत येते, ते घड्याळ लावून बघायचे. पलंगाखाली बोट फिरवायचे. म्हाताऱ्यांच्या टाचा आणि पाठी स्वतः तपासायचे, कारण अंथरुणाला पडून होणारी जखम तिथंच सुरू होते.

खोटं कशाला बोला, माणूस कामाचा होता. त्यांच्या धाकानं दोन केंद्रांनी गाद्या बदलल्या. एका ठिकाणी माणसांना दुपारनंतर पाणीच देत नव्हते, म्हणजे चादरी कमी ओल्या होतात. ते अप्पांनी बंद पाडलं. कौतुक झालं, आणि कौतुक झालं की माणूस जरा जास्तच ताठ चालतो, तसे तेही चालायला लागले.

सदतिसावा मुद्दा त्यांनी नंतर घातला. लातूरच्या एका केंद्रात कुण्या आजीच्या गळ्यातली बोरमाळ गेली. लेकी म्हणाल्या कामावरच्या मावशीनं घेतली, मावशी म्हणाली सुनेनं नेली, आणि तीन दिवस दारात नुसता तमाशा. बसवराजांनी कायमचा इलाज काढला. ‘रुग्णाच्या अंगावर दागिना, धागा, ताईत, काहीही नसावे. सर्व वस्तू यादी करून कपाटात ठेवाव्यात, यादीवर नातेवाइकाची सही घ्यावी. गुण पाच.’ पाच गुण काही थोडे नव्हेत. आठवड्याभरात अकराही केंद्रांतले गळे आणि मनगटं मोकळी झाली. एक म्हातारा खंडोबाचा ताईत सोडेना, आरडाओरडा करायला लागला, तेव्हा बसवराजांनी त्याला अर्धा तास नियम समजावून सांगितला. म्हातारा शेवटी दमला. अप्पांना वाटलं, त्याला पटलं.

श्रावण संपता संपता त्यांची आई, कमलम्मा, न्हाणीत घसरून पडली. चौऱ्याऐंशी वय, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पुढे सहा महिने तरी तिला उचलायला-बसवायला दोन माणसं लागणार होती, आणि घरी बसवराजांच्या बायकोची, रुद्राणीची, स्वतःचीच कंबर पट्ट्यात. मग ठरवायला कितीसा वेळ लागणार? तक्ता हाताशीच होता. पहिला नंबर नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या केंद्राचा. चौऱ्याण्णव गुण. लातुरात सगळ्यात चांगल्याला एक्क्याऐंशी. आपली आई तेरा गुणांनी कमी असलेल्या ठिकाणी ठेवायची, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. घरापासून साडेतीन तासांचं अंतर त्यांच्या पन्नास मुद्द्यांत कुठेच बसत नव्हतं.

अॅम्ब्युलन्समधून कमलम्मा गुंगीतच आल्या. केंद्राच्या मुख्य परिचारिका सत्यशीलाताई नियमाला पक्क्या. त्यांनी बसवराजांच्या समोरच आजीच्या अंगावरच्या वस्तू उतरवून यादी केली. पाटल्या दोन. कानातली फुलं दोन. चांदीचे लॉकेट, दोऱ्यासह, एक. बसवराजांनी मान हलवली आणि सही ठोकली.

आता ते काही लॉकेट नव्हे, हे सत्यशीलाताईंना माहीत नसणं समजण्यासारखं आहे. बसवराजांना माहीत होतं. लिंगायताच्या घरात जन्मलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. त्या चांदीच्या डबीत कमलम्मांचं इष्टलिंग होतं, जन्मभर अंगावर बाळगायचा देव. उदगीरजवळच्या माहेरी, सहा वर्षांच्या असताना, स्वामींनी गळ्यात बांधलेलं. रोज सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, वर पाणी घालायचं, भस्म लावायचं, त्याच्याकडे बघत बसायचं, आणि मगच तोंडात घास. अठ्ठ्याहत्तर वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा त्यांनी ते मुठीत धरलं, आणि डॉक्टरांनी ती मूठ उघडायचा हट्ट केला नाही. लहानपणी बसवराज भुकेनं वळवळत आईच्या पाठीमागे बसायचे, तिचं कधी आटपतंय आणि भाकरी कधी मिळतेय म्हणून. एवढं सगळं पाहिलेला माणूस. पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांपुढे आई नव्हतीच, तक्ता होता. केंद्र सदतिसावा मुद्दा किती चोख पाळतंय, हे बघून त्यांना उलट बरंच वाटलं.

दर दुसऱ्या रविवारी ते एसटीनं नांदेडला जायचे. टाचा बघायचे, पाठ बघायचे, चादर बघायचे. आईच्या अंगाभोवती शाल असायची. शाल बाजूला करून गळा बघावा, असं काही त्यांच्या तक्त्यात नव्हतं.

“अव्वा, बरं हाय ना इथं?”

“बरं हाय.”

“काही लागतंय का?”

ती त्यांच्याकडे थोडा वेळ बघायची, मग म्हणायची, “न्हाई.”

महिन्याभरानं सत्यशीलाताईंचा फोन आला. आजी जेवत नाहीत. बसवराजांनी जेवण बदलायला लावलं. भाकरी मऊ करा, शेंगदाण्याची चटणी द्या. काही फरक पडला नाही. मग दिवाळीच्या सुमाराला नोंदवहीतली ओळ त्यांना वाचून दाखवण्यात आली. ‘रुग्ण रोज सकाळी रिकाम्या डाव्या हातावर पाणी ओततात व हाताकडे बघत बसतात. अंथरूण ओले होते. भ्रमाची शक्यता.’

इथं तरी त्यांना कळायला हवं होतं. मला तर वाटतं, दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल ही ओळ त्यांनी वाचली असती तर लगेच कळलं असतं. पण अप्पांना भीती वाटली ती डोकं चळल्याची. नात्यात दोन म्हाताऱ्या तशा गेल्या होत्या. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी सांगितली, बसवराजांनी फोनवर हो म्हटलं, आणि तिमाही तपासणीत ‘बेड क्रमांक बारा, चादर ओली’ म्हणून आपल्याच आईच्या पलंगाचे दोन गुण कापले. स्वतःच्या माणसालाही सूट दिली नाही, हे त्यांनी घरी रुद्राणीला कौतुकानं सांगितलं.

गोळीनं कमलम्मा सकाळभर झोपून राहू लागल्या. पाणी ओतणं थांबलं, चादर कोरडी राहू लागली. जेवण मात्र आणखी तुटलं. आल्या तेव्हा बेचाळीस किलो होत्या, पौषात तेहतीस राहिल्या.

पुढची तपासणी बसवराजांनी न कळवता ठेवली. सकाळी सातलाच ते केंद्रात शिरले, वास घेतला, आणि तडक बारा नंबरच्या पलंगाकडे गेले. दारातच थांबले.

पंचफुलाबाई पलंगाच्या कडेला बसली होती. अर्धापूरची बाई; आधी केळीच्या बागेत रोजानं जायची, आता इथं मावशी. कमलम्मांचे डोळे मिटलेले होते. पंचफुलाबाईनं त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर घेऊन, खाली वाटी धरून, तळहात उघडा ठेवला होता आणि त्यावर चमच्यानं पाणी सोडत होती. थेंबही खाली सांडू देत नव्हती. मग तिनं आपल्या पदरानं तो हात टिपला, कमलम्मांच्या कपाळाला लावला, आणि भाताचा घास त्यांच्या ओठांशी नेला. मिटल्या डोळ्यांनीच कमलम्मांनी तोंड उघडलं.

बसवराजांना बघून पंचफुलाबाई दचकून उठली. “सायेब, चादर वली न्हाई केली. वाटी धरली व्हती म्या.”

“हे काय करताय तुम्ही?”

“आता मला काय ठावं? आजी झोपंत बी हात असा फुडं करत्यात. त्यो न्हाई धुतला तर घास घेत न्हाईत. पैल्यांदा मी बी म्हनलं येडसर झाल्यात. मंग म्हनलं, आसंल त्यांचं कायतरी. देवाचं आसंल. जेवत्यात तर जेवू द्यावं.”

“किती दिवस?”

“झाला की म्हैना. म्या गपचूप करते. ताई वरडत्यात, गुन जात्यात म्हून.”

बसवराज पलंगाच्या कडेला टेकले. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? ज्या बाईला आईच्या गळ्यातल्या त्या डबीचं नावही माहीत नव्हतं, तिला चार दिवस शेजारी बसून जे दिसलं, ते त्याच आईच्या मांडीवर वाढलेल्या माणसाला साडेचार महिने दिसलं नाही. त्यांची त्यांनाच एवढी लाज वाटली की पंचफुलाबाईकडे मान वर करून बघवेना.

सत्यशीलाताईंनी कपाट उघडून बारा नंबरचं पाकीट दिलं. वर यादी टाचलेली, खाली त्यांची वळणदार सही. ‘चांदीचे लॉकेट.’

“अप्पा, आजी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या तेव्हा याच्याबद्दल विचारत होत्या,” ताई हळूच म्हणाल्या. “मी सांगितलं, तुमच्या मुलाची सही आहे, नियम त्यांनीच केलाय. मग पुन्हा कधीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, पटलं त्यांना.”

पटलं. ताईत धरून ओरडणारा तो म्हातारा बसवराजांच्या डोळ्यांपुढे आला. त्यालाही पटलंच होतं.

सकाळची गोळी त्यांनी देऊ दिली नाही. दहाच्या सुमाराला कमलम्मांना नीट जाग आली. बसवराजांनी डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. बोटांत जोर उरला नव्हता, तरी एकेक करून मिटली.

“अव्वा, चुकलं माझं. मला सांगायचं तरी. एकदा म्हणायचं, बसू, माझं लिंग दे.”

“सही तुजी हाय म्हनले.” आवाज धाग्यासारखा झाला होता. “म्हनलं, बसू शिकलेला हाय. कायतरी कारन आसंल. लोकांम्होरं तुला कशाला खाली बघाया लावू?”

बसवराजांना रडू आवरेना. पंचफुलाबाईनं गुमान पाण्याची वाटी आणून दिली आणि बाहेर गेली. तक्ता बाजूच्या स्टुलावर पडला होता. आई पुन्हा लिंग धारण करणार, म्हणजे सदतिसाव्या मुद्द्याचे पाचही गुण जाणार. त्यांनी पेन काढून तो मुद्दाच आडवा खोडला, पण अकरा केंद्रांच्या कपाटांत अशी किती पाकिटं पडून असतील आणि त्यांतली किती परत द्यायला आता माणूसच उरलं नसेल, हे त्यांना मोजता येईना.

पूजा झाली. कमलम्मांनी स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. मग दोरा गळ्यात बांधायला बसवराज खाली वाकले. मागे गाठ मारता येईना. ते वाकलेले असताना कमलम्मांचा हात वर आला आणि लहान पोराचं अंग चाचपावं तसा त्यांच्या सदऱ्याच्या आत गळ्यापाशी फिरला. तिथं काही नव्हतं. नोकरीला लागल्यावर, ऑफिसातले हसतात म्हणून, त्यांनी आपल्या गळ्यातलं इष्टलिंग काढून कपाटात ठेवलं होतं. त्याला अडतीस वर्षं झाली.

हात गळ्यापाशीच थांबला.

“तुजं बी काढून घेतलं का रे कुनी?” कमलम्मांनी काळजीनं विचारलं.