दिवाळे गावचे फोटो: एका स्कॅनरची कैफियत

मित्रांनो, बेलापूरच्या एका कॉलेजात, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली एक मोठं करडं यंत्र दिसेल. मी एक जुना स्कॅनर आहे. कधीकाळी माझ्यावरचा लाल कपडा बाजूला झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज कुणी मला ओळखत नाही, म्हणून ओळख मीच करून देतो.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझी काच बसवली, काचेखाली सरकणारा दिवा बसवला, आणि चाचणीसाठी पहिल्यांदा माझ्यावर एक पट्टेदार करडा कागद ठेवला. मी तो जसाच्या तसा उतरवला. तेव्हाच मला माझा धर्म कळला. समोर येईल ते जसंच्या तसं उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. मग खोक्यात बंद होऊन मी समुद्रमार्गे न्हाव्याच्या बंदरात उतरलो आणि टेम्पोतून या कॉलेजात आलो.

मला इथे आणलं ते ग्रंथपाल कृष्णात सरांनी. सर कोल्हापूरकडचे, एम.लिब. झालेले, पुस्तकांवर मनापासून जीव असलेले. माझं काम त्यांनी शर्मिलाकडे दिलं. शर्मिला जवळच्याच दिवाळे गावची, कोळ्याची मुलगी. याच कॉलेजात बी.कॉम. झाली आणि इथेच कंत्राटावर लागली. ग्रंथालयाची पदवी तिच्याकडे नव्हती. पहिल्या दिवशी तिने माझं झाकण इतक्या जोरात आपटलं की सर दचकून म्हणाले, "अगं, पापलेट कापतेस का?"

"सर, पापलेटाला तरी मी एवढी घाबरत नाही," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

सरांनी तिला हाताला धरून शिकवलं. जुन्या पुस्तकाची पाठ दाबायची नाही, पान ओढायचं नाही, हे तर शिकवलंच. पण ते म्हणायचे, "नुसता फोटो काढून ठेवला म्हणजे ग्रंथालय होत नाही. कुणाचा, कुठला, कधीचा, कुणी दिला, आणि कशासाठी दिला, हे सोबत नोंदवलंस तरच तो आपला. नाहीतर ती नुसती अडगळ." शर्मिला ते कधी विसरली नाही. मुलं येऊन विचारायची, "ताई, याच्यावर आधार कार्डची झेरॉक्स निघेल का?" ती म्हणायची, "हा पुस्तकं वाचतो रे. तुझं आधार बघून त्याला टेन्शन येईल. खाली दुकानात जा." ते माझे सोन्याचे दिवस होते. दिवसभर माझा दिवा विझत नसे. पाहुणे आले की सर त्यांना आधी माझ्याकडे आणत, मग शर्मिलाकडे बोट दाखवून म्हणत, "आणि ही आमची डिजिटल लायब्ररी."

एकदा शर्मिला म्हणाली, "सर, बी.लिब.ला प्रवेश घेते. दर रविवारी क्लास आहे. पुढेमागे पोस्ट निघाली तर लागेल ना डिग्री?"

परीक्षा जवळ आल्या होत्या. रविवारीही ग्रंथालय उघडं असे आणि ते शर्मिलाच सांभाळत असे. सर म्हणाले, "रविवारी तू गेलीस तर इथं कोण बसणार? आणि डिजिटल कामाला कुठली डिग्री गं? डिग्री आम्हा जुन्या लोकांना. पोस्ट निघाली की ती तुझीच. मी आहे की!"

शर्मिलाने प्रवेश घेतला नाही. पुढच्या वर्षीही नाही. 'मी आहे की' या तीन शब्दांवर तिने आपली वर्षं ठेवली, आणि तेव्हा त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

मग सरांच्या मनात आलं की नवी मुंबई वसण्याआधीच्या गावांचे फोटो जमवावेत. खाडी, होड्या, वाळत घातलेली मासळी, लग्नं, माणसं. कोपरखैरणेच्या बाजूने बोनकोडे गावातूनही थोडे आले. पण सगळ्यांत जास्त आले दिवाळ्याहून, आणि ते आणले शर्मिलाच्या आईने, रखमाने. ती बाजारात मासळी विकायची. घरोघरी जाऊन, शेजारणींना शब्द देऊन तिने फोटो गोळा केले आणि धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून घेऊन आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. माझा दिवा सरकला तशी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "बाय गो! मेल्यानं सगला उजेड एकदम फेकला."

मग सरांकडे वळून तिने विचारलं, "मास्तर, ह्ये फोटू बाहेर तं जानार नाय ना? माज्या शब्दाव दिलेत बायकांनी."

"मावशी," सर म्हणाले, "इथल्या पोरांनी इथं बसून बघायचे, एवढंच. माझ्या परवानगीशिवाय फोटो या खोलीबाहेर जाणार नाही."

त्या फोटोंत एक होता, मित्रांनो, जो मी अजून विसरलो नाही. तीन बायका होडीतून उतरून खाडीच्या चिखलातून येताहेत, डोक्यावर पाट्या आहेत, आणि मधली, नवी नवरी रखमा, कशाला तरी खळखळून हसते आहे. शर्मिलाने तो माझ्या काचेवर ठेवला तेव्हा तिचा हात जरा थांबला होता. तिने आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. ग्रंथालयाने इंटरनेटवर काय काय खुलं केलं, याचा आकडा तिथे दाखवायचा होता. सर घाईत आले. "शर्मिला, सगळे फोटो ओपन कर. आजच."

"सर, दिवाळ्याचे नको. आईने शब्द दिलाय लोकांना. तुम्हीच बोलला होतात."

"अगं, चार दिवसांचा प्रश्न आहे. समिती गेली की बंद करू. मी आहे की."

तिने फोटो खुले केले. समिती आली, खूश होऊन गेली. सरांचा सत्कार झाला. फोटो बंद झाले नाहीत. त्याच थंडीत रखमा आजारी पडली आणि गेली. दिवसकार्य उरकून शर्मिला कामावर आली. तिने पहिल्यांदा हेच विचारलं, "सर, आता तरी फोटो बंद करू?"

"थोडं थांब. आकडा एकदम खाली आलेला दिसेल," सर म्हणाले.

काही महिन्यांनी दिवाळ्याच्या बायका ग्रंथालयात आल्या. पुढे होती जाईबाय, रखमाची शेजारीण. त्या फोटोतली डावीकडची ती. तिने मोबाईल शर्मिलापुढे धरला. पामबीच रस्त्याला नवीन सी-फूड हॉटेल निघालं होतं. त्याच्या दारावर भिंतीएवढा बोर्ड होता, बोर्डावर चिखलातून येणाऱ्या त्या तीन बायका होत्या, आणि रखमाच्या हसण्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आईच्या हातची चव'.

"शरमिले," जाईबाय म्हणाली, "तुजी आय बोलली व्हती, फोटू कालेजान र्‍हातील. मंग आमी हाटेलाच्या दारान कशा उब्या र्‍हायलो गो? दारू पिनारी मानसां आमच्या म्होरं सेल्फी काडतान. रखमा आता नाय, तिला काय इचारू? तूच सांग."

शर्मिला तशीच उठून त्या हॉटेलात गेली. परत येऊन तिने सांगितलं, तिथला मॅनेजर म्हणाला होता, "मॅडम, नेटवर फ्री होता."

प्राचार्य वैशाली मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. बैठक माझ्याच खोलीत झाली, कारण बायकांना फोटो कुठे ठेवलेत ते बघायचं होतं. मॅडमनी विचारलं, "हे खुले करायला कुणी सांगितलं?"

शर्मिला म्हणाली, "सरांनी."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी असं सांगेन का? मी एम.लिब. आहे. परवानगीशिवाय खाजगी फोटो खुले करायचे नाहीत, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. हिची यात चूक नाही. हिच्याकडे डिग्री नाही, हिला कसं कळणार? म्हणून तर मी म्हणतो, डिजिटल पोस्टला डिग्री सक्तीची करा."

शर्मिलाने सरांकडे पाहिलं. माझ्यावर आजवर हजारो चेहरे ठेवले गेले, पण तसा चेहरा मी कागदावर कधी पाहिला नाही. जाईबायने पदर सावरला आणि जाता जाता एवढंच म्हणाली, "मास्तर, रखमाची पोर खोटा नाय बोलाची."

पोस्ट निघाली. ग्रंथालयशास्त्राची पदवी अनिवार्य. शर्मिलाला अर्जच करता आला नाही. शेवटच्या दिवशी तिला सांगितलं गेलं की दिवाळ्याचे सगळे फोटो यंत्रातून पुसून टाक. तिने एकेक करून पुसले. हसणाऱ्या आईच्या फोटोवर आल्यावर तिने माझ्या झाकणावर हात ठेवला, आणि मग तोही पुसला.

तिच्या जागी प्राची आली. पदवीधर, हुशार, स्वभावाने चांगली मुलगी. खरं तेच सांगतो, मित्रांनो, तिची पदवी नुसती कागदाची नव्हती. कुणाचा हक्क काय, दाद कुठे मागायची, हे तिला ठाऊक होतं. तिने हॉटेलला असं नेमकं पत्र लिहिलं की आठवड्याभरात बोर्ड उतरला. शर्मिलाला हे जमलं नव्हतं. तेव्हा या कामाला पदवी हवी की नको, असं मला कुणी विचारलं तर मी हवी म्हणेन. पण ती घ्यायला निघालेल्या मुलीला दारातून कुणी परत फिरवलं, हेही मी विसरणार नाही.

एका दुपारी शर्मिला आली. आईच्या जागेवर बाजारात बसत होती, आणि आता तिला बी.लिब.ला प्रवेश घ्यायचा होता. त्यासाठी ग्रंथालयात काम केल्याचा दाखला हवा होता. सरांनी दाखला तयार ठेवला होता. तिने उभ्यानेच वाचला.

"सर, यात लिहिलंय, 'झेरॉक्स व इतर किरकोळ कामे'."

"हो."

"मग सात वर्षं या खोलीत डिजिटलचं काम कोण करत होतं?"

"तूच करत होतीस गं. मी कुठं नाही म्हणतोय?" सरांचा आवाज मऊ होता, पूर्वी शिकवताना असायचा तसाच. "पण डिग्री नसलेल्या मुलीकडे मी हे काम दिलं होतं असं लिहिलं, तर उद्या मलाच विचारतील. समजून घे. कागदावर नको, एवढंच."

प्राची शेजारीच उभी होती. तिने दाखला वाचला. शर्मिलाने घडवलेल्या सगळ्या नोंदी रोज तिच्याच हाताखालून जात होत्या. ती म्हणाली, "सर, पण..."

"प्राची, तुझी अजून ऑर्डर कायम व्हायची आहे ना?" सरांनी विचारलं.

शर्मिला प्राचीला म्हणाली, "असू दे गं. एक प्रत काढून दे, अर्जाला जोडायची आहे." प्राचीने दाखला माझ्या काचेवर पालथा ठेवला आणि मान खाली घालून बटण दाबलं. माझा दिवा सरकला. अक्षर न अक्षर स्वच्छ उतरलं. खोटंही मी खऱ्याइतकंच सुरेख उतरवतो, मित्रांनो. त्याला माझा इलाज नाही.

नंतर नवं यंत्र आलं आणि मला कोपऱ्यात ढकललं गेलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. यंत्रं जुनी व्हायचीच. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. तुम्ही खूप शिका. 'तुला शिकून काय करायचंय, मी आहे की' असं कुणी कितीही प्रेमाने म्हणालं, तरी आपला प्रवेश घेऊन ठेवा. आणि कधी तुमच्यासमोर कुणाच्या वर्षांना असं 'किरकोळ काम' ठरवलं जात असेल, तर मान खाली घालून बटण दाबू नका. त्या दुपारी खोलीत तीन माणसं होती. तिघांनाही खरं ठाऊक होतं, तिघांनाही बोलता येत होतं. माझ्याकडे नुसता उजेड होता.