आसनं बंद

मी बाक बोलतोय. कलासंग्रहालयाच्या मोठ्या दालनात, राखाडी पाण्यावरच्या रिकाम्या होडीच्या चित्रासमोर ठाण मांडून असलेला. मला पाठ नाही, त्यामुळे कुणाला पाठ दाखवणं माझ्या स्वभावातच नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

इमारतीच्या दारांसाठी आणलेलं लाकूड उरलं, त्यातून सुताराने मला घडवलं. चित्रं बघायची तर बूड टेकायला जागा नको का, असं म्हणत पहिला तोच माझ्यावर बसला. त्यानंतर कोण कोण बसलं! चित्र बघणारे थोडे, बुटातला खडा काढणारे जास्त. भांडून आलेली जोडपी, जांभया देणारे नवरे, पेंगणारी पोरं. माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

मग दर रविवारी, दारं उघडण्याआधी, इथे योगवर्ग भरू लागला. शिकवणारी मुलगी वयाने लहान, तरी सगळे तिला ताईच म्हणतात. चटया अंथरायच्या, अंग ताणायचं आणि शेवटी एकाच चित्राकडे बघत शांत बसायचं. "विचार येतील, येऊ द्या. जातील, जाऊ द्या. तुम्ही मात्र हलू नका," असं ती सांगते. मला हसू आलं. मी जन्मभर दुसरं काय करत होतो?

सगळे चटईवर, माझ्यावर मात्र एकट्या काकू. कापडाच्या दुकानात ठाणं उलगडून दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. गिऱ्हाईक नसलं तरी तिथे बसायची मुभा नव्हती. त्यात गुडघे कामातून गेले. खाली बसता येत नाही म्हणून आधीच्या वर्गातून त्यांना घरी पाठवलं होतं. इथे ताईने नुसतं विचारलं, बाकावर चालेल का? काकू बसल्या, हात वर नेले आणि होडीकडे बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या दिवसापासून मी त्यांचा आणि त्या माझ्या.

आणि मग नवे साहेब आले. त्यांचं म्हणणं, लोक एकेका चित्रापुढे फार रेंगाळतात, गर्दी पुढे सरकली पाहिजे. म्हणून मला तळघरात टाकायचं ठरलं. माझं डोकंच फिरलं. जिथे लोकांनी थांबावं म्हणून चित्रं टांगली, तिथे थांबणाऱ्यांचीच अडचण?

पण साहेबांची भाषा भारी शुद्ध. 'बाक' हा शब्द त्यांना गावंढळ वाटतो, ते मला 'आसन' म्हणतात. शनिवारी घरी जाताना त्यांनी पहारेकऱ्याला बजावलं, उद्यापासून मोठ्या दालनातली आसनं बंद. या पहारेकऱ्याला आम्ही 'शुकशुक' म्हणतो, कारण दालनात कुणी बोललं की त्याचं बोट ओठांवर जातं. त्याने रविवारी सकाळी तो हुकूम जसाच्या तसा ताईच्या कानावर घातला.

ताईचा चेहरा पडला. चटया परत गुंडाळायला लागली. काकूंनी शुकशुकला विचारलं, "आसनं बंद म्हणाले. नुसतं बसणंही बंद म्हणाले का?"

शुकशुकने डोकं खाजवलं. तसं काही म्हणाले नव्हते.

"मग बसू या की," काकू म्हणाल्या.

सगळे बसले. कुणी हात ताणला नाही की मान वळवली नाही. दालनात नुसते श्वास ऐकू येत होते. तेवढ्यात दोन हमालांना घेऊन साहेब आले. त्यांनी हमालांना माझ्याकडे बोट दाखवलं, काकूंना उठायची विनंती केली, मग खाकरले, मग जरा आवाज चढवला. कुणी हललं नाही. ताईची शिकवणच तशी होती.

काकू होडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आसनं बंद म्हणालात, आम्ही बंद केली. दुकानाचा मालक म्हणायचा उभी राहा, मी जन्मभर राहिले. आता बसलेय. बाक न्यायचा तर माझ्यासकट उचला."

हमालांनी एकमेकांकडे बघितलं आणि हातातला दोर खाली ठेवला.

"अहो, आसनं म्हणजे मी बाक म्हणत होतो, बाक!" साहेब ओरडले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून माझं खरं नाव बाहेर पडलं.

सवयीने शुकशुकचं बोट ओठांवर गेलं. "शुक्! साहेब, वर्ग चालू आहे."

साहेब लालबुंद होऊन निघून गेले. हुकूम मात्र त्यांनी अजून मागे घेतलेला नाही. माझा एक पाय करकरतो, उद्या तेच निमित्त करतील. करू देत. विचार येतात आणि जातात, साहेबही येतात आणि जातात. मी हलणार नाही.

तुम्ही कधी इकडे आलात तर माझी कीव करत बाजूला उभे राहू नका. सरळ येऊन बसा, हवं तितका वेळ बसा. तुम्ही जितके जण बसाल, तितका मी साहेबांच्या हमालांना उचलायला जड जाईन.