कॅप्टनसाहेबांची डार्लिंग

पंपाला काहीही झालेलं नव्हतं, तरी चांगो तो उघडून बसला होता. लोधिवलीतल्या या बंगल्यात त्याची बायको कोंडी म्हाताऱ्या कॅप्टनसाहेबांची देखभाल करायची, आणि पंपाजवळून त्यांची खोली नीट दिसायची. पंप दुरुस्त करणाऱ्याला एवढा तरी फायदा असावा.

परवा कोंडीशी फोनवर बोलताना त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मागून कुणीतरी "डार्लिंग!" म्हणालं आणि कोंडीने घाईघाईने फोन ठेवला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, सुरभीला, त्याने आडून आडून विचारलं, तर पोरगी म्हणाली, "आवडत्या मानसाला म्हनतात, बाबा. बायकोला, पोराला. कुत्र्याला पन म्हनतात." आता कोंडी काही म्हाताऱ्याची पोर नव्हती आणि कुत्रा तर नव्हतीच. मग उरलं काय?

"डार्लिंग," आतून हाक आली. चांगोच्या हातातला पाना थांबला.

"ओ, आले."

"दार लावलंस?"

"लावलं. झोपा तुमी आता." कोंडीने म्हाताऱ्याच्या अंगावरची शाल सारखी केली.

त्या 'ओ'मध्ये एवढी माया होती की चांगोचं डोकं फिरलं. घरात तिचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने ती चहा घेऊन बाहेर आली. "मोटर चांगली चालते की. कशाला खोललीत?"

"तो तुला काय म्हनतो गं?"

"डार्लिंग." कोंडीने नजर चोरली नाही. "बायको गेली त्यांची, ते इसरतात. मी ती नाय म्हनलं का, मग ती कुटं हाय, म्हनून रडतात. रोज नव्यानं. मंग मी ओ देते."

"आन तुला काय वाटतं?"

तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. "बरं वाटतं," म्हणाली आणि आत गेली.

म्हाताऱ्याची मानगूट धरायची चांगोची तयारी होती. पण आता धरायचं कुणाला? त्याने मुकाट्याने पंप जोडून टाकला.

घरी जाताना वाटभर संशय काही सुटला नाही, फक्त आता त्याला स्वतःचाच संशय येत होता. आपण हिला काय म्हणतो? अगं. ए. चार लोकांत सुरभीची आय. हिचं नाव आपण लग्नात घेतलं, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. नंतर घेतल्याचं काही त्याला आठवेना.

संध्याकाळी कोंडी आत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. चांगो ओटीवर उभा राहिला. तो इंग्रजी शब्द तर त्याच्या जिभेवर येणं शक्यच नव्हतं, लाजेने मेला असता. त्याने घसा खाकरला.

"कोंडी!"

पिठाने भरलेल्या हातांनी ती धावत बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं? कोन गेलं?"

चांगो तिच्याकडे बघतच राहिला.

"कोन नाय," तो म्हणाला. "पानी दे."