झेलीची ब्याऐंशी

माझ्या कोंबड्यांची गोष्ट तुम्ही ऐकली नसेल, तर आधी ती ऐका. आमच्या शातो व्हेर्द्युझाकमध्ये, म्हणजे गावच्या द्राक्षमळ्यात आणि त्याच्या वाइनघरात, पिंपातली वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग घालतात, पिंपाला सहा अंडी. बलक कोणालाच नको असतो. चाळीस वर्षं ही अंडी माझ्या घरून जायची. हळूहळू कोंबड्यांच्या ते लक्षात आलं आणि एका वर्षी त्यांनी बलक घालणंच सोडून दिलं. फोडावं तर आत नुसतं पांढरं! पाद्रीबाबांनी स्वतः फोडून पाहिलं होतं, पण ते वारले, त्यामुळे साक्षीदार उरला नाही. माझ्या आजोबांच्या काळी नदीवरून धुकं इतकं दाट यायचं की ते पिंपात भरून इंग्रजांना विकत, हेही गावात कोणी मानत नाही. गावात मला फिर्मँ या नावानं फार थोडे ओळखतात. थापाड्या म्हणा, लहान पोरही घर दाखवील.

आता जे सांगणार आहे त्यात कोंबडी नाही.

आन्सेल्म हा आमच्या वाइनघराचा मुख्य होता आणि मी त्याच्या हाताखाली पिंपं भरणारा, बुचं मारणारा. त्याच्या नाकाची कीर्ती पार पॅरिस-लंडनपर्यंत. ब्याऐंशी सालची आमची वाइन त्यानं जुळवली, तेव्हापासून ही कीर्ती. जुळवली म्हणजे काय, तर मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची वाइन आधी वेगवेगळी ठेवतात आणि फेब्रुवारीत चाखून चाखून ठरवतात, कुठली किती कुठलीत मिसळायची. तिथं चुकलं की सगळं वर्ष वाया. ब्याऐंशीत तो असा काही जुळवून गेला की परदेशचे लोक येऊन त्याच्या नाकाकडे टक लावून बघत बसायचे. मी म्हणायचो, "लेका, विमा उतरव त्याचा." तो हसायचा नाही. मला वाटायचं, मोठा माणूस झालाय.

त्याची बायको झेली तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर तो कुणाला घरी बोलवत नसे. मागच्या ऑक्टोबरात मात्र त्यानं कुंपणावरून हाक मारली. "थापाड्या, रविवारी दुपारी जेवायला ये. आणि दाढी करून ये."

"कोण मेलं?"

"कोणी नाही. चाळीस वर्षं झाली ब्याऐंशीला."

मी दाढी केली. गेलो तर टेबलावर पांढरी चादर, द्राक्षवेलीच्या काटक्यांवर भाजलेलं मांस, आणि झेलीच्या खुर्चीसमोर तिसरा ग्लास. मधोमध ती बाटली. दोन दिवस उभी ठेवलेली, गाळ खाली बसलेला. शातोकडचा सगळा जुना साठा मालकांच्या वारसांनी लिलावात काढला, तेव्हापासून ब्याऐंशीची बाटली या गावात दुसरी नव्हती. चीनमध्ये, अमेरिकेत कुणाच्या तिजोऱ्यांत असतील तेवढ्याच.

"शेवटची," तो म्हणाला. "बस. आधी एक ऐकून घे. ही मी केलेली नाही."

"मग काय माझ्या कोंबड्यांनी केली?"

"झेलीनं."

मी हसलो. तो तिसऱ्या ग्लासाकडे बघत राहिला, तसं माझं हसू मलाच ऐकू यायला लागलं.

त्यानं सांगितलं. ब्याऐंशीच्या नाताळात त्याला ताप आला. ताप उतरला आणि नाक गेलं. करपलेला कांदा कळेना. जिभेला फक्त आंबट, कडू, तुरट एवढंच. आज येईल, उद्या येईल म्हणत फेब्रुवारी उजाडला. मालकाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस त्याच्या जागी उभा राहिला असता. तेव्हा बायकांना आमच्या वाइनघराचा उंबरा ओलांडू देत नसत. बाई आत आली की वाइन आंबते अशी म्हाताऱ्यांची समजूत. बायका मळ्यात वेली बांधायच्या. झेलीही त्यातलीच. मग हा औषधाच्या छोट्या बाटल्यांत नमुने भरून कोटाच्या खिशातून घरी न्यायचा. सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात ती चाखायची आणि सांगायची.

"तिला आपले धंद्याचे शब्द कुठले यायला," आन्सेल्म म्हणाला. "ती म्हणायची, ही नदीकाठच्या तुकड्याची ना? हिला राग आलाय, पण कारण आहे. ही टेकाडावरची म्हणजे लग्नात सगळ्यांना मिठ्या मारत फिरणारी आत्या, थोडीच घाल. त्यातून मी हिशेब काढायचा, इतके भाग हे, इतके ते. असे एकोणीस दिवस. नाक काही परत आलं नाही, मग पुढंही दर फेब्रुवारीला तेच. बाहेर पाहुण्यांना सांगायला काळ्या मनुका, देवदार, तंबाखू हे शब्द मी बसवले. माझ्या नाकाला फुलं वाहिली लोकांनी, फिर्मँ, आणि ती बाहेर वेली बांधत होती."

"आणि तू चाळीस वर्षं..."

"तीच नको म्हणायची. पोरीचं शिक्षण होऊ दे, मग सांग. निवृत्त हो, मग सांग. मला बरंच होतं ते."

ब्याऐंशीच्या वाइनच्या आम्हा कामगारांना सहा-सहा बाटल्या मिळाल्या होत्या. माझ्या मी दोन वर्षांत संपवल्या, मी काही साधू नाही. या दोघांनी मात्र एकेक करून उघडल्या. दर वेळी झेली प्यायची आणि आन्सेल्म ऐकायचा. ती वाइनबद्दल एखाद्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलायची. पहिल्या बाटलीला म्हणाली, दार आपटून घराबाहेर पडलीय. पोरीच्या लग्नातल्या बाटलीला म्हणाली, परत आलीय, पण आत येऊ का असं विचारत नाही. पाचवी दहा वर्षांपूर्वी उघडली, तेव्हा म्हणाली, आता ती खिडकीत बसते, कुणाची तरी वाट बघतेय. आन्सेल्मनं विचारलं, कुणाची? तर म्हणे, चाळिसाव्या वर्षी बघू, कोणी आलं का ते.

"तर आज बघायचंय," तो म्हणाला. "मला नाक नाही, तिला वेळ मिळाला नाही. उरलास तू. तू थापाड्या आहेस, पण नाक चांगलं आहे तुझं. आज एक दिवस खरं बोल. तिची शपथ घे."

मी शपथ घेतली.

त्यानं बाटली उघडली. बूच अखंड निघालं. ते त्यानं माझ्याकडे सरकवलं आणि ग्लास भरले, तिचाही. मी बूच उचललं. त्यावर शिक्का होता, दोन हजार दहा. जुन्या बाटल्यांची बुचं पंचवीस-तीस वर्षांनी बदलायची आमच्याकडे रीत आहे. आन्सेल्मनं आपल्या उरलेल्या दोन बाटल्या माझ्याकडे दिल्या होत्या. खरं तर त्यांची जुनी बुचं ठणठणीत होती, आणखी वीस वर्षं सहज गेली असती. मीच म्हटलं होतं, झेलीच्या घरच्या बाटल्या आहेत, नवीन घालू या. हजारांच्या पोत्यातून मी स्वतः दोन निवडली होती, बोटांनी दाबून, कानाशी फिरवून. रेघ नाही, भोक नाही, देखणी.

मी बूच नाकाशी नेलं.

ओला पुठ्ठा. बंद खोलीत पडलेलं फरशी पुसायचं फडकं. मग ग्लासात नाक घातलं. तेच. दुसरं काही नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हा वास झोपेत कळतो. बुचाची बुरशी वाइनला लागते आणि सगळं खाऊन टाकते. अशी वाइन आम्ही मोरीत ओततो, एका घोटापुढे कोणी जात नाही. आणि हे बूच मी निवडलेलं.

आन्सेल्म माझ्या तोंडाकडे बघत होता. कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं.

"बोल ना."

"काळ्या मनुका," मी म्हटलं. "देवदार. थोडा तंबाखू..."

त्यानं टेबलावर हात आपटला. "ते शब्द माझे आहेत, गाढवा! मला पाहुणा समजतोस? ती खिडकीत आहे का ते सांग."

आयुष्यभर मी थापा मारल्या, पण त्या हसवायला. समोरचा डोळे मिचकावतो, आपण मिचकावतो, संपलं. त्या दिवशी समोरचा डोळे मिचकावत नव्हता. मी पुन्हा ग्लास नाकाशी धरला, पुठ्ठ्याचा वास छातीत भरून घेतला आणि म्हटलं, "नाही. खिडकीत नाही ती."

"मग?"

"उठलीय. खिडकी उघडीच आहे. टेबलावर दोघांची पानं मांडलीत."

"दोघांची?" त्याचा आवाज इतका बारीक झाला होता. "नीट बघ. कोणी आलंय का?"

"आलंय. दाराशी बूट आहेत."

"कसले बूट?"

"मळ्यातले. चिखलाचे. इतकी वर्षं झाली तरी मेल्याला बूट पुसून यायचं कळत नाही, म्हणून ती बडबडतेय आतून."

आन्सेल्मनं चेहरा ओंजळीत धरला. खांदे हलत होते. मग डोळे पुसून त्यानं स्वतःच्या ग्लासातला एक घोट घेतला आणि थबकला. "जिभेला काहीच लागत नाही रे. तुरटसुद्धा नाही."

"म्हातारी झालीय. मऊ झालीय," मी म्हटलं.

"हो. तसं झालं असेल."

आम्ही जेवलो. मी माझा ग्लास रिकामा केला, फडकं पिळून प्यावं तसा. त्यानं त्याचा केला, हसत, मध्येच "बूट, अं?" म्हणत. इथंच ही गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितलीही नसती.

तो एकदम उठला. "बाटलीत निम्मी आहे अजून. ही नोएमीकडे नेऊ."

नोएमी म्हणजे आताची वाइनघराची मुख्य. हो, आता तिथं बाईच मुख्य आहे, सहा वर्षं झाली, आणि वाइन आंबलेली नाही. मळ्याच्या पलीकडे, दोनशे पावलांवर राहते.

"आज रविवार आहे," मी म्हटलं.

"असू दे! तिच्या तोंडात एक घोट जाऊ दे, मग मी सांगतो कुणी केली ती. नुसतं सांगून कोण ऐकणार, बायकोच्या प्रेमात म्हातारा बरळतोय म्हणतील. पण तिला जीभ आहे. घोट घेतला की तिला कळेल. वाइनघरात भिंतीवर माझा फोटो आहे ना, तो काढून झेलीचा लावायला सांगणार आहे. टाय बांधून येतो. तू बाटली सांभाळ."

तो आत गेला. त्याच्या बोटांना टाय बांधायला वेळ लागायचा.

मी बाटलीकडे बघत बसलो. नोएमी घोट घेणार नाहीच, ग्लास जवळ येताच तिचं तोंड वाकडं होईल. सभ्य पोरगी आहे, हळू आवाजात सांगेल, मस्यू आन्सेल्म, ही खराब झालीय. मग त्याला कळेल की खिडकी नव्हती, बूट नव्हते, कोणी आलेलं नव्हतं. बाटली सांडली म्हणावं तर चादर पांढरी. मोरीत ओतावी तर मोरी आतल्या खोलीजवळ.

मी बाटली तोंडाला लावली. निम्मी बाटली, गाळासकट. मध्ये दोनदा उलटी घशाशी आली, ती गिळली. मग झेलीच्या खुर्चीसमोरचा ग्लास उरला होता. तोही घेतला.

तो दारात उभा होता. निळा टाय, गाठ वाकडी.

"संपवलीस?"

"चांगली होती," मी म्हटलं. ओठांवर गाळ होता.

"तिचा ग्लाससुद्धा?"

मी रिकामा ग्लास तिच्या खुर्चीसमोर परत ठेवला.

तो ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडला नाही. "अधाशा," म्हणाला. "डुकरा. चाळीस वर्षं थांबली ती, आणि तुझ्याच्यानं पाच मिनिटं थांबवलं नाही. चल, नीघ." मी टोपी शोधत होतो, तर त्यानंच ती आणून दाराबाहेर ठेवली.

नंतर मी तीनदा गेलो. दार उघडलं नाही. रस्त्यात भेटला तर पलीकडे व्हायचा. मळ्यात पानं गळली, छाटणी झाली, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो झोपेतच गेला. तुलूझहून त्याची पोरगी आली होती. मला म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, तुम्ही शवपेटीला खांदा द्यायचा नाही. काय झालं होतं हो तुमच्यात?" मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो.

दुसऱ्या दिवशी नोएमीकडे गेलो. वाइनघराच्या दाराशीच उभी होती, हातात नमुन्यांच्या बाटल्या. मी सगळं सांगितलं. नाक, ताप, औषधाच्या बाटल्या, एकोणीस सकाळी, झेली. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तिनं मान तिरकी करून ऐकलं, आणि मी बुचापाशी आलो तशी तिच्या गालाला खळी पडायला लागली.

"म्हणजे बुचाचा वास लागलेली होती?"

"हो."

"आणि तुम्ही प्यायलात? निम्मी बाटली?"

"गाळासकट."

"मस्यू फिर्मँ!" ती खळखळून हसली. "जन्म वाइनघरात काढला तुम्ही. तसली वाइन एक चमचाभर तरी कोणाच्या घशाखाली उतरते का? इथपर्यंत मी अगदी खरं मानत आले होते बघा. फार सुंदर रचलीत. बिचारे आन्सेल्म ऐकून खूश झाले असते."

"त्यांचा फोटो काढून झेलीचा लावा," मी म्हटलं.

"लावू हं," ती म्हणाली, जसं माझ्यासारख्यांना सगळेच म्हणतात. माझा दंड थोपटला आणि बाटल्या सावरत आत गेली. जुळणीचे दिवस होते, तिला उशीर होत होता.